न रडलेल्या बाळासोबतचे सोळा दिवस

लेबर रूमचं दार उघडलं की बाहेरच्या बाकावरची माणसं उभी राहतात आणि विचारतात, "रडलं का?" मुलगा की मुलगी, वजन किती, हे सगळं नंतर. मुंबई महापालिकेच्या उपनगरातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून मला 22 वर्षं झाली. त्यातली 14 नवजात शिशू कक्षात गेली. या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर ते कसं सांगायचं, हे नर्सिंगच्या शिक्षणात मला कोणी शिकवलं नव्हतं.

जुलैची रात्र होती. चुनाभट्टीला रुळांवर पाणी भरल्यामुळे हार्बर लाइन संध्याकाळीच बंद पडली होती. माझी रिलीव्हर पनवेलहून येते, ती अडकली, म्हणून दुपारच्या ड्युटीवरून मी सलग रात्रीला थांबले. कक्षात अकरा बाळं आणि आम्ही दोघी सिस्टर. पावणेबाराच्या सुमारास लेबर रूममधून फोन आला, "सिस्टर, लवकर या. पाणी हिरवं आहे, ठोके खाली जातायत."

हिरवं पाणी म्हणजे बाळाने पोटातच शी केलेली. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नसतं, अशी कितीतरी बाळं खणखणीत रडत येतात. पण हिरवं पाणी आणि उतरते ठोके एकत्र ऐकले की आमचे पाय आपोआप धावायला लागतात.

एक गोष्ट मी प्रत्येक ड्युटीला सगळ्यात आधी करते, हजेरीच्या वहीत सही करण्याच्याही आधी. लेबर रूममधली, बाळाला श्वास द्यायची बॅग उचलायची, मास्क तळहातावर घट्ट दाबायचा आणि बॅग पिळायची. हाताला दाब लागला आणि वरच्या व्हॉल्व्हमधून फुस्स आवाज आला की बॅग चांगली. आवाज आला नाही तर तेव्हाच दुसरी बॅग शोधायची, कारण बाळ आल्यावर शोधायला वेळ नसतो. 2009 साली केंद्र सरकारने नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या प्रशिक्षणात रबराच्या बाहुलीवर आम्हाला हे घोटून घेतलं होतं. त्या दिवशी दुपारी बॅग तपासली होती, म्हणून रात्री निदान तेवढी काळजी नव्हती.

11 वाजून 52 मिनिटांनी बाळ बाहेर आलं. मुलगा. रंग राखेसारखा, हातपाय ओल्या फडक्यासारखे लोंबणारे. नाळेत ठोका होता, पण मंद. बाळ ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली घेतलं, कोरडं केलं, ओलं कापड काढून टाकलं, खांद्याखाली घडी घातली, आधी तोंड आणि मग नाक साफ केलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. काहीच हालचाल नाही. पूर्वी अशा बाळाच्या घशात आधी नळी घालून हिरवी घाण ओढून काढायचो. आता सरसकट तसं करत नाहीत, त्यात श्वास द्यायची वेळ निघून जाते. आणि पायाला धरून उलटं लटकवून थोपटणं तर केव्हाच बंद झालंय. जुन्या मावशींना अजून वाटतं की सिस्टर उलटं का करत नाहीत. पण उलटं केल्याने फुप्फुसात हवा जात नाही.

पहिल्या मिनिटाच्या आत बॅग सुरू व्हायला हवी. पुस्तकात त्याला सुवर्ण मिनिट म्हणतात. मी मास्क लावला आणि मोजायला लागले. श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन. या लयीत मिनिटाला 40 ते 60 श्वास बसतात. पण छाती हलेना. डॉक्टरांनी स्टेथो लावून सहा सेकंद मोजले आणि बोटांनी सात दाखवले. त्याला दहाने गुणायचं, म्हणजे 70. निरोगी बाळाचे 100 च्या वर असतात.

छाती हलत नसेल तर कितीही पिळलं तरी हवा बाहेरच जाते. मास्क उचलला, पुन्हा बसवला. हनुवटीच्या बाजूने फट राहत होती. मान किंचित मागे केली, तोंड थोडं उघडलं, पुन्हा पिळलं. आणि छाती वर आली. इतकीशी, पण आली. पंचवीस बाळांच्या वेळी पंचवीस वेळा पाहिलं तरी त्या छातीच्या हलण्याकडे पाहताना माझा स्वतःचा श्वास अडकतो. अर्ध्या मिनिटाने डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. 110. छाती दाबायची, अ‍ॅड्रेनॅलिन द्यायची वेळ आली नाही. ठोके साठच्या खाली राहिले असते तर तेही करावं लागलं असतं. ऑक्सिजन लावायच्या आधी साध्या हवेवरच सुरुवात केली होती. मग उजव्या मनगटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. उजव्याच, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण त्याच हातावर खरं कळतं.

चौथ्या मिनिटाला एक आचका आला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. नवव्या मिनिटाला श्वास एकसारखा सुरू झाला. रडला नाहीच. पहिल्या मिनिटाचा अपगार 2, पाचव्याचा 5, दहाव्याचा 6. डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी 1953 मध्ये ही मोजणी प्रसिद्ध केली. रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. केसपेपरवर आकडे लिहिताना माझी एक तळमळ असते, ती इथे सांगते. या आकड्यांसाठी थांबायचं नसतं. काही ठिकाणी अजून मिनिट संपेपर्यंत घड्याळाकडे बघत उभे राहतात आणि मग बॅग घेतात. बॅग आधी, आकडा मागून.

बाहेर आले तेव्हा आजी दाराशीच उभ्या होत्या. जालन्याकडच्या, आता मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडमध्ये मुलगा-सुनेसोबत राहणाऱ्या. "लेकरू रडलं का वो बाई?"

मी काही बोलायच्या आत आमच्या मावशी म्हणाल्या, "आजी, बाळाने पोटात पाणी प्यायलंय, होईल बरं."

मायेने म्हणाल्या, मला माहीत आहे. आमच्याकडे हेच म्हणायची पद्धत आहे. पाणी प्यायलं, घाण गिळली, थोडं सुस्त आहे. मीही कितीतरी वर्षं हेच म्हणत आले होते. त्या घाईत तेव्हाही काही न बोलता बाळाला घेऊन वर गेले. पण ते वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात राहिलं.

आमच्या कक्षात दहा खाटा, श्वासाला आधार देणारे बबल सीपॅप दोन, व्हेंटिलेटर नाही. डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयांत एकामागून एक पाच फोन केले. कुठेच व्हेंटिलेटरची जागा नव्हती, आणि असती तरी त्या पावसात बाळाला हलवणं म्हणजे वाटेत गारठवणं. बाळ स्वतःहून श्वास घेत होतं, म्हणून इथेच ठेवायचं ठरलं.

डॉक्टर तरुण मुलगी. बाळाला तपासून तिने लिहिलं, एचआयई स्टेज दोन. म्हणजे प्राणवायू आणि रक्त कमी पडल्याने मेंदूला झालेली मध्यम इजा. बाळ मरगळलेलं, अंग ढिलं, बोट तोंडात दिलं तर ओढणं अगदी क्षीण. तिने सरांना फोनवर विचारलं, "सर, जेल पॅक लावून थंड करू का? सहा तासांच्या आत सुरू करायला हवं ना?" सर म्हणाले, नको. त्यांनी कारणही समजावलं, आणि फोन स्पीकरवर असल्याने मीही ऐकलं. श्रीमंत देशांत अशा बाळाचं तापमान 72 तास साडेतेहेतीस अंशांच्या आसपास ठेवतात आणि त्याने मेंदूची हानी कमी होते. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 बाळांवर हेलिक्स नावाचा अभ्यास झाला. त्यात आपलं सायनचं रुग्णालयही होतं. 2021 मध्ये निष्कर्ष आले. थंड केलेल्या बाळांपैकी 42 टक्के दगावली, न केलेल्यांपैकी 31 टक्के. तिथे तर नीट यंत्रं होती, मोठे अतिदक्षता विभाग होते. आपण जेल पॅकवर, व्हेंटिलेटरशिवाय, रात्री दोन सिस्टरांच्या भरवशावर करायचं नाही. "त्याला थंड करू नका, पण तापूही देऊ नका," सर म्हणाले. "काखेत साडेछत्तीस ते साडेसदतीस. त्याच्या वर अजिबात नको."

ऐकायला किती सोपं! त्या रात्रीचं बहुतेक काम तेवढंच होतं आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

साखर तपासली, 38 निघाली, म्हणजे कमी. दहा टक्क्यांच्या ग्लुकोजचे 6 मिलि हळू दिले, मग ड्रिप. बाळाचं वजन 2.9 किलो. किलोला दिवसाला 60 मिलिच्या हिशोबाने तासाला सात मिलि. जास्त पाणी दिलं तर मेंदूला सूज वाढायची भीती असते. कक्षातले दोन्ही सिरिंज पंप दुसऱ्या बाळांना लावलेले होते, म्हणून मायक्रोड्रिप सेट लावला. या सेटचा एक हिशोब मला फार आवडतो. याचे साठ थेंब म्हणजे एक मिलि, त्यामुळे तासाला जितके मिलि द्यायचे तितकेच मिनिटाला थेंब. तासाला सात मिलि, तर मिनिटाला सात थेंब. घड्याळ डोळ्यासमोर धरायचं आणि थेंब मोजायचे. बाळाने पाय हलवला की वेग बदलतो, की पुन्हा मोजायचे. लघवी किती झाली ते कळावं म्हणून कोरडं लंगोट आधी वजन करून ठेवायचं आणि ओलं झालं की पुन्हा तोलायचं.

साडेतीनला पलीकडच्या खाटेवरच्या सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा श्वास थांबला. आम्ही दोघी तिकडे. त्याला चोळून, बॅग देऊन पूर्ववत करेपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील. परत आले तर माझ्या बाळाची कातडी लालबुंद. पोटावरचा, तापमान मोजणारा प्रोब निसटून चादरीवर पडला होता. वॉर्मरला वाटत होतं की बाळ गार आहे आणि तो पूर्ण ताकदीने तापत होता. काखेत 38.1. हीटर बंद केला, कापड उघडलं, दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावत राहिले. 37.2 यायला चाळीस मिनिटं लागली. इजा झालेल्या मेंदूला ती वाढीव उष्णता काय करते हे मला माहीत होतं. त्या चाळीस मिनिटांबद्दल मला आजही वाईट वाटतं. मी ते चार्टवर वेळेसकट लिहिलं. तेव्हापासून प्रोबवर आडवी आणि उभी अशा दोन पट्ट्या लावते, आणि नवीन मुलींना दर अर्ध्या तासाने प्रोब हाताने चाचपायला लावते.

सकाळी आठ चाळीसला हँडओव्हर लिहीत होते तेव्हा त्याचे ओठ हलताना दिसले. दूध चोखल्यासारखे, मच मच. क्षणभर बरं वाटलं, भूक लागली की काय. मग पाय बघितले. सायकल चालवल्यासारखे फिरत होते, आणि डोळे एका बाजूला लागलेले. मी पाय हातात धरला. नुसती थरथर असती तर धरल्यावर थांबते. हे थांबलं नाही, माझ्या मुठीत आतून धक्के जाणवत राहिले. झटके. आधी साखर तपासली, ती ठीक होती. फिनोबार्बिटोन किलोला 20 मिलिग्राम, म्हणजे 58 मिलिग्राम, वीस मिनिटांत हळू सोडलं. त्या औषधाने श्वास मंदावू शकतो, म्हणून बॅग उशाशी. दुपारी परत झटका आला, अर्धा डोस द्यावा लागला. त्यानंतर आला नाही.

त्याच सकाळी आईला व्हीलचेअरवरून खाली आणलं. वीस-एकवीस वर्षांची पोरगी, पहिलटकरीण. नवरा वाशीच्या मार्केटात हमालीला, तोही ओल्या कपड्यांनी मागे उभा. तिने बाळाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मी तिचं बोट धरून बाळाच्या तळव्यात ठेवलं. बाळाने मूठ आवळली नाही. तिच्या ते लक्षात आलं, कारण तिने माझ्याकडे वळून बघितलं.

इथे मला काही वर्षांपूर्वीच्या एका बाळाबद्दल लिहायलाच हवं. असंच न रडलेलं बाळ, असेच झटके. बाराव्या दिवशी दूध प्यायला लागलं आणि आम्ही सगळे इतके खूश झालो की घरी पाठवताना मी आईला म्हणाले, "आता अगदी छान आहे हं, काही काळजी करू नको." तिने माझ्यावर विश्वास ठेवला. ती तपासणीला आली नाही, का येईल? छान आहे म्हटल्यावर कोण रोजंदारी बुडवून रांगेत उभं राहील? दोन वर्षांनी ओपीडीत भेटली, बाळ कडेवर. बसत नव्हतं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही म्हणालात ना छान आहे." रागाने नाही, नुसतं विचारलं. लवकर व्यायाम सुरू झाले असते तर ते पोर किती सुधारलं असतं, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण ती दोन वर्षं माझ्या एका वाक्याने गेली.

म्हणून त्या सकाळी मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले, डॉक्टरांनाही बोलावलं. आजींनाही आत घेतलं. आणि सांगितलं, की बाळाने पाणी प्यायलेलं नाही. जन्माच्या वेळी काही मिनिटं त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्यामुळे तो रडला नाही, त्यामुळे झटके आले. पहिले तीन दिवस जिवाचे. जगला तर काही मुलं पूर्ण चांगली होतात, काहींना हातापायांचा, ऐकण्याचा, शिकण्याचा त्रास राहतो. तुझं बाळ कुठल्या बाजूला जाईल हे आज कळत नाही. ते कळायला वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि तोवर आपल्याला त्याच्याकडे नीट लक्ष ठेवायचंय.

ती रडली नाही. खूप हळू म्हणाली, "मी गिरान पाळलं न्हाई. भाजी चिरली होती."

आजींनी मान खाली घातली. मला कळलं, हे रात्रीच घरच्यांत बोलून झालं होतं. मी तिला म्हणाले, "नाही गं पोरी. तुझ्या हातून काही झालेलं नाही." आणि मग जे म्हणायला जीभ उचलत नव्हती तेही म्हणाले. बाळंतपण लांबलं होतं. कळा देण्याच्या वेळी बाळाचे ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. त्या रात्री एका वेळी चार बायका टेबलवर होत्या आणि ते तसे ऐकले गेले नाहीत. हे लिहून ठेवलंय, वरिष्ठांना कळवलंय. डॉक्टरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं, पण मला अडवलं नाही. नवरा काही बोलेल, आवाज चढवेल असं वाटलं होतं. तो बायकोच्या खुर्चीजवळ खाली बसला आणि म्हणाला, "ऐकलंस ना? तुझं काय न्हाई त्यात." आजी उठल्या, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर ग्रहणाचा विषय माझ्या कानावर आला नाही.

पुढचे दिवस भराभर सांगते, कारण चांगले दिवस एकमेकांसारखे असतात. झटके नाहीत, लघवी नीट, ऑक्सिजन तिसऱ्या दिवशी निघाला. टाळूवरून सोनोग्राफी झाली. एमआरआयची सोय आमच्याकडे नाही. चौथ्या दिवशी सकाळी सुई टोचली तेव्हा त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडला. मांजराच्या पिल्लासारखा, बारीक. माझी सोबतीण सिस्टर फोन घेऊन जिन्यात पळाली, आजींना ऐकवायला.

दुधाचं मात्र सावकाश सांगायला हवं. बाळ ओढत नसलं की आईचं दूध आटतं, आणि आटलं की घरचे पावडरच्या दुधाचा डबा आणतात. मी पहिल्याच दुपारी तिच्या हातात उकळलेली स्टीलची वाटी दिली आणि हाताने दूध कसं काढायचं ते दाखवलं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागे, आधी छातीकडे दाबायचं आणि मग पुढे. हे मला ज्या सिस्टरनी शिकवलं त्या सायनला शिकलेल्या. तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला चिकाचे पिवळे चार थेंब. ती वाटी माझ्यापुढे धरून कानकोंडी झाली, "एवढंच?" मी ते थेंब बोटाने बाळाच्या गालाच्या आत लावले. दर तीन तासांनी, रात्री दोनलाही, दिवसातून आठ वेळा. पाचव्या दिवशी अर्धी वाटी.

तिसऱ्या दिवसापासून नळीने 3 मिलि सुरू केलं, मग वाढवत नेलं. सातव्या दिवसापर्यंत बाळ नीट ओढायला लागलं तर पुढची आशा जास्त असते. सातवा दिवस गेला, आठवा गेला. तो बोट तोंडात घेई, दोनदा ओढे आणि झोपून जाई. ती मला रोज विचारायची, "आज?" आणि मी खरं तेच सांगायची, "आज नाही."

नवव्या दिवशी आजींनी पिशवीतून बोंडलं काढलं. चांदीचं नव्हे, पितळेचं कल्हई केलेलं, नवऱ्याच्या लहानपणचं, जालन्याहून कुणाच्या तरी हाती मागवलेलं. ते वापरता आलं नाही. आमच्याकडे स्टीलचं, उकळता येणारं बोंडलं असतं, ते घेतलं. पण धरायला आजींनाच दिलं. त्यांचा हात बघण्यासारखा होता. बाळ मांडीवर थोडं उभं, टोक खालच्या ओठाच्या कोपऱ्यात, थेंब सोडायचा आणि थांबायचं. गिळल्याचा घोट गळ्यावर दिसला की पुढचा थेंब. घाई नाही. पाच मिलिला पाऊण तास लागला. ठसका लागला नाही. बाराव्या दिवशी त्याने पहिल्यांदा छातीला तोंड लावून सलग सात-आठ घोट घेतले, आणि ती पोरगी, जी एवढ्या दिवसांत माझ्यासमोर रडली नव्हती, ती रडली.

सोळाव्या दिवशी घरी पाठवलं. "छान आहे" म्हणाले नाही. कार्डावर डोक्याचा घेर लिहिला, 34.5 सेंटिमीटर. मोठ्या रुग्णालयातल्या बेरा तपासणीची चिठ्ठी दिली, कारण अशा बाळांचं ऐकणं तपासायलाच हवं. आणि तिला चार गोष्टी पाठ करून घ्यायला लावल्या. दूध पिताना सारखा ठसका, तिसऱ्या महिन्यानंतरही अंगठा मुठीत, मान न धरणं, लंगोट बदलताना पाय न उघडणं. यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. त्यांच्या वस्तीतल्या आरोग्यसेविकेलाही फोन करून सांगितलं.

दीड महिन्याला आली, लसीबरोबर. साडेतीन महिन्यांची तारीख अजून आठवडाभर लांब होती, तेव्हा एका मंगळवारी कक्षाच्या काचेवर टकटक. ती बाळाला घेऊन उभी. "सिस्टर, पाय उघडत न्हाईत. परवापासून बघतेय."

टेबलवर निजवलं. तिचं बरोबर होतं. मांड्या बाजूला घेताना अर्ध्यावरच अडत होत्या, आणि दोन्ही अंगठे मुठीत. डोक्याचा घेर थोडा मागे होता. मान मात्र धरायला लागला होता, आणि आईचा आवाज आला की वळून बघत होता. बेरा चांगली आली होती. सरांनी त्याच दिवशी फिजिओथेरपीला पाठवलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा मुलांना व्यायाम, ऐकणं, बोलणं सगळं एका ठिकाणी आणि फुकट मिळतं, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. तिथे आठवड्यातून दोनदा बोलावलं. मानखुर्दहून बस, मग चालत. नवऱ्याने मंगळवारची पाळी बदलून घेतली. उरलेले दिवस आजी घरी करून घेतात, तेल कोमट करून, गाणं म्हणत.

परवा आली होती, बाळ अकरा महिन्यांचं झालं. ओपीडीच्या बाकावर तिने त्याला माझ्यासमोर बसवलं आणि हात काढून घेतले. पाठीला बाक आहे, डावा पाय अजून ताठ, दोन्ही हात पुढे टेकवून तोल सांभाळतो. मी मनात मोजत होते. अकराला उजवा हात उचलला, माझ्या गळ्यातल्या घड्याळाकडे नेला, अंगठा मुठीबाहेर होता. चौदाला कलंडला. तिने पकडला, पुन्हा बसवला, पुन्हा हात काढून घेतले.

"अजून एकदा मोजा," ती म्हणाली.